शहराचा धूर, कोकणचा रस्ता

गणेशचतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-गोवा महामार्गावर महाड ते पोलादपूर या टापूत उभे राहिले, म्हणजे मुंबईच्या हवेचा प्रश्न समजावून घेण्यासाठी मुंबईस जाण्याची गरज उरत नाही. वाहनांची रांग हलत नसते. इंजिने मात्र चालूच असतात. लालबाग-परळपासून डोंबिवली-नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेला चाकरमानी ज्या धुरातून चार दिवस सुटका व्हावी म्हणून गावाकडे निघतो, तोच धूर तो बरोबर घेऊन येतो, सावित्रीच्या खोऱ्यात सोडतो आणि पुढे खेड-चिपळूणच्या वाटेला लागतो. सण सरला की रस्ता मोकळा होतो, आणि वर्षाचे उरलेले दिवस हा प्रश्न महाडचा नसून मुंबई-पुण्याचा आहे, असे आपण मानू लागतो. या समजुतीत मोठी चूक आहे. शहराच्या हवेसाठी आज जे उपाय योजले जात आहेत, त्यांचे बरेवाईट परिणाम महाड-पोलादपूरसारख्या गावांच्या वाट्याला आल्याखेरीज राहणार नाहीत.

त्या उपायांपैकी सर्वांत गाजणारा उपाय विजेवर चालणाऱ्या वाहनांचा होय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये यासंबंधीचे धोरण जाहीर केले आणि २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बिघडत्या हवेची दखल घेऊन पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटविता येतील काय याचा विचार करण्यास सरकारला सांगितले, व सरकारने रिवाजाप्रमाणे समिती नेमली. विजेच्या वाहनांची दिशा योग्य आहे, याविषयी वाद घालण्याचे आता कारण उरलेले नाही. वाद आहे तो क्रमाचा. आधी कोणाची गाडी विजेवर न्यावयाची आणि तिच्यासाठी सरकारी पैसा कोणाच्या हाती द्यावयाचा, या प्रश्नाला धोरणाच्या कागदांत जे उत्तर मिळते ते समाधानकारक नाही.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. हवेतील जे कण अडीच मायक्रॉनांहून लहान असतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक, ते नाकात वा घशात अडत नाहीत; फुफ्फुसांच्या तळापर्यंत जातात आणि तेथून रक्तात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी असे सुचविले. आपल्या देशाचे २००९ चे मानक मुळातच ४० आहे. याचा अर्थ, आपली शहरे जेव्हा ‘मर्यादेत’ असतात तेव्हाही ती त्या संघटनेच्या दृष्टीने आठपट मलीन असू शकतात. विजेची गाडी नळकांड्यातून धूर सोडत नाही, ही गोष्ट गर्दीच्या रस्त्यावर फार मोलाची आहे. कारण तेथे धूर आणि नाक यांत दोन हातांचेही अंतर नसते. मात्र रस्त्यावरची धूळ, टायरांची झीज आणि ब्रेकची भुकटी हेही कणच होत, आणि ती गाडी कशावर चालते याची विचारपूस करीत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले; दशक उलटून गेले तरी ते पुरे झाले नव्हते. या काळात खोदलेल्या रस्त्याच्या कडेला ज्यांची दुकाने, शाळा व घरे होती, त्यांना धुळीविषयी कोणत्याही तज्ज्ञाने काही सांगण्याची आवश्यकता नाही. सगळ्या गाड्या उद्या विजेच्या झाल्या असत्या तरी ती धूळ तशीच उडाली असती. हवा सुधारण्याची सुरुवात रस्ता वेळेवर पुरा करण्यातही असते. सरकारला मात्र हे कलम पर्यावरणाच्या खात्यात घालण्याचे आजवर सुचलेले नाही.

विजेवरच्या वाहतुकीकडे आपण नवलाई म्हणून पाहतो, याचेही आश्चर्य वाटते. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याने मुंबईला वीज पुरविली त्याला शंभर वर्षे होऊन गेली. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणच्या पायथ्याशी सोडावयाचे आणि त्यावर वीज निर्माण करावयाची, या टाटांच्या योजनेतील खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. तिन्ही याच जिल्ह्यात आहेत. त्या विजेने मुंबईच्या गिरण्यांतील कोळशाच्या वाफेची जागा घेतली. म्हणजे शहराचा धूर कमी करण्यासाठी डोंगराकडे हात पसरण्याचा पहिला प्रसंग तो होता. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीच्या मावळ्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला, ही या व्यवहाराची दुसरी बाजू. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी सुटली. बेस्ट या संस्थेच्या मूळ नावातच वीजपुरवठा आणि ट्राम हे दोन शब्द एकत्र नांदत होते. मग १९६४ मध्ये आपण ट्राम मोडीत काढली. १९६२ मध्ये आणलेली ट्रॉलीबस १९७१ मध्ये बंद केली. आणि रस्ते मोटारींसाठी मोकळे केले. त्या मोकळ्या केलेल्या रस्त्यांवर आज ताशी किती मैल वेगाने जाता येते, हे ज्याने त्याने आपल्या घड्याळात पाहावे. शहराला आजही जी थोडीफार श्वास घेण्याची सोय आहे ती लोकलगाडीमुळे. लक्षावधी कारकून, शिक्षक, विद्यार्थी दररोज विजेवरच प्रवास करतात. त्यासाठी त्यांना कोणी सवलत दिलेली नाही, आणि बसावयास जागाही दिलेली नाही.

विद्युत वाहनांवर एक आक्षेप हटकून घेतला जातो. आपली बहुतेक वीज कोळशापासून होते; तेव्हा मुंबईतला धूर चंद्रपूर-कोराडीला पाठविण्यापलीकडे यात काय साधणार? आक्षेप पोकळ नाही. चंद्रपूरकरांची फुफ्फुसे मुंबईकरांच्या फुफ्फुसांहून स्वस्त समजण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हिशेब पुरता मांडावयास हवा. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, उरलेला उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विजेची मोटर आपल्याला मिळालेल्या शक्तीपैकी ८० टक्क्यांहून अधिक कामी लावते. शिवाय एका चिमणीवर यंत्रणा बसविणे व तिच्यावर लक्ष ठेवणे शक्य असते. लक्षावधी नळकांड्यांवर ते अशक्य असते. सूर्य व वारा यांपासूनची वीज जसजशी वाढेल तसतशी तीच गाडी, काहीही न बदलता, अधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोलची गाडी मात्र वयाबरोबर केवळ मलीन होते. तेव्हा हा आक्षेप विजेच्या गाड्या नकोत असे सांगत नाही; औष्णिक केंद्रांच्या चिमण्यांकडे काणाडोळा करू नका असे सांगतो, आणि तो मानला पाहिजे.

खरी अडचण पुढेच आहे. २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे पथकर माफ केला. अटल सेतू शिवडीहून निघून रायगड जिल्ह्यातच उतरतो, म्हणून या सवलतीचे आपल्याला कौतुक वाटावे अशी अपेक्षा असेल. परंतु या पुलावरून स्वतःच्या मोटारीने जाणारा गृहस्थ कोण, आणि महाडला मुळे ठेवून डोंबिवलीत दोन खोल्यांत राहणारा कारकून कोण, याचा विचार केला की या कौतुकाला मर्यादा पडतात. दुचाकीचाच हिशेब घ्या. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी स्कूटर शंभरावर गेलेल्या पेट्रोलच्या भावाने किलोमीटरला दोन रुपयांवर खर्च करते. विजेची स्कूटर एका युनिटात सुमारे तीस किलोमीटर जाते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरचा खर्च तेहतीस पैशांच्या आसपास येतो. इतका फायदा दिसत असूनही चाळीत राहणारा माणूस ती घेण्यास कचरतो. कारण उघड आहे. त्याची गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर सोडून बॅटरी भरता येत नाही. ज्याच्या बंगल्याखाली किंवा सोसायटीच्या तळघरात स्वतःचा खुंटा आहे त्याला सरकारची सवलत आणि स्वस्त वीज दोन्ही मिळतात. ज्याला नाही, त्याच्या करातून ती सवलत दिली जाते.

आणि समजा, प्रत्येक पेट्रोलच्या मोटारीच्या जागी विजेची मोटार आली. दादरच्या किंवा महाडच्या बाजारपेठेच्या रस्त्यावर ती तितकीच जागा अडवील. एका एस. टी. बसमध्ये चाळीसावर माणसे बसतात. तीच माणसे मोटारींतून निघाली तर पंधरा-वीस मोटारी लागतात, आणि विजेच्या म्हणून त्या एकमेकींच्या डोक्यावरून जाणार नाहीत. गर्दीच्या शहरात हवेचा प्रश्न आणि जागेचा प्रश्न हे जुळे भाऊ आहेत. एकाला दूध पाजून दुसऱ्याला उपाशी ठेवता येत नाही.

म्हणून या साऱ्या उद्योगात पहिला मान एस. टी.चा असावयास हवा. पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस धावली. योगायोग चांगला साधला. पुढचे मात्र साधले नाही. ५,१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, गाड्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, आणि २०२५ च्या मे महिन्यात खुद्द परिवहनमंत्र्यांवर तो करार रद्द करण्याची भाषा करण्याची पाळी आली. चीनमधील शेन्झेन या एका शहराने २०१७ च्या अखेरीपर्यंत आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या होत्या, हे येथे सांगितले तर परदेशाचे दाखले देण्याचा दोष पत्करावा लागेल. पण दाखला दूरचा असला तरी तो लाज वाटण्यास पुरेसा आहे. दिल्लीचा अनुभव तर देशातलाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर तेथील बस, रिक्षा व टॅक्सी काही वर्षांत नैसर्गिक वायूवर आल्या, हवेत फरक दिसला. आणि नंतर खासगी वाहनांच्या बेसुमार वाढीने तो गिळून टाकला. सार्वजनिक वाहने आधी सुधारली हे दिल्लीचे शहाणपण, आणि तेवढ्यावरच थांबली ही तिची चूक. आपण चुकीचे अनुकरण करीत आहोत, शहाणपणाचे नाही.

डोंगराळ मुलुखात विजेच्या बस चालावयाच्या नाहीत, असेही एक मत ऐकू येते. शाळेतील पदार्थविज्ञान ज्यांना आठवते त्यांनी पोलादपूरचा आंबेनळी घाट घेऊन गणित मांडावे. पंधरा टनांची बस पोलादपूरहून महाबळेश्वरला सुमारे १,३०० मीटर वर चढवावयाची, तर केवळ उंची गाठण्यासाठी ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडेल. वळणे, घर्षण आणि मोटरमधील तूट यांची भर निराळी. अशा बसच्या बॅटरीत तीनशे युनिटांच्या आसपास साठा असतो. तेव्हा चढण अवघड असली तरी आवाक्याबाहेरची नाही. उतरताना गंमत अशी की डिझेलची गाडी तीच शक्ती ब्रेक तापवून हवेत उधळते, आणि विजेची गाडी तिचा काही भाग बॅटरीत परत भरून घेते. मोटर पहिल्या क्षणापासून पुरा जोर देते, हा घाटातला आणखी एक गुण. वरंध, आंबेनळी यांसारखे रस्ते या वाहनांना प्रतिकूल आहेत असे मानण्यापेक्षा, तेथे त्यांची परीक्षा घेण्याची तसदी कोणी घेत नाही असे म्हणणे अधिक खरे होईल.

रेल्वेविषयी दोनच शब्द पुरेत. कोकण रेल्वे १९९३ मध्ये वीरपर्यंत आली आणि १९९८ मध्ये पुरी झाली. २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण संपले, रोहा ते वीर हा टप्पा त्याआधीच दुहेरी झाला. विजेवर चालणारे, गर्दी वाहून नेणारे साधन महाडच्या उंबरठ्यावर असे उभे आहे. तरीही गणपतीला रस्त्यावर रांग लागते. कारण वीरला थांबणाऱ्या गाड्या थोड्या, स्थानकापासून शहरापर्यंतची सोय तुटपुंजी, आणि पोलादपूरला तर स्थानकच नाही. गाडीच्या वेळेशी जोडलेल्या दहा बस वीर-महाड-पोलादपूर मार्गावर घातल्या तर किती मोटारी मुंबईतच राहतील, याचा अंदाज घेण्यास समितीची गरज भासू नये.

आता त्या वाहनाकडे वळू, ज्याच्याविषयी धोरणे लिहिणाऱ्यांना फारशी माहिती दिसत नाही. रायगड जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी सहा आसनी मिनिडोर ही गरिबाची मोटार आहे. बाजारहाट, शाळा-कॉलेज, दवाखाना, सारे तिच्यावर चालते. दिवसभर थांबत-निघत फिरणारे, एकाच गावाच्या परिघात राहणारे आणि रात्री चालकाच्या दारात विसावणारे हे वाहन विजेवर नेण्यास सर्वांत योग्य. पण त्याचा मालक म्हणजे बहुधा कर्ज काढलेला एक चालक असतो. नवी गाडी घे, जुनी मोड, असे त्याला फर्मावणे सोपे आहे. हप्ते कोणी भरावयाचे? या बाबतीत माथेरानचे उदाहरण याच जिल्ह्यातले आणि ताजे आहे. तेथे मोटारींना बंदी, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षातून ओढीत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश दिला. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, विजेच्या रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने मिळतील अशी योजना सरकारने आखावी असेही बजावले. धूर हटविताना ज्याचे पोट त्या धुरावर चालत होते त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने माथेरानला लावले. ते महाडच्या मिनिडोरवाल्याला का लागू नये?

याहून एक मोठा धोका आहे, आणि त्याची चर्चा मुंबईत होण्याची शक्यता कमी. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये बंदी आली तेव्हा त्यांतील असंख्य गाड्या भंगारात गेल्याच नाहीत; ना-हरकत दाखला घेऊन त्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. मुंबईने उद्या डिझेल हटविले तर तेथील जुने ट्रक, टेम्पो आणि मोटारी कोठे जातील? जेथे तपासणी सैल आणि गिऱ्हाईक गरजू तेथे, म्हणजे आपल्याकडे. महाडजवळच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. रात्री वारा पडला की त्यांचा वास परिसरात रेंगाळतो, आणि डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात हिवाळ्यातील धूर लवकर वर जात नाही. त्यात शहराने टाकून दिलेल्या नळकांड्यांची भर पडली, तर मुंबईच्या हवेचे आकडे सुधारतील आणि महाडचे बिघडतील. विजेच्या गाडीवरची सवलत जुन्या गाडीच्या भंगार-दाखल्याशी बांधली पाहिजे. गाडी विकून आलेल्याला ती मिळता कामा नये. एवढी एक अट धोरणात घातली तरी कोकणावर मोठे उपकार होतील.

सावधगिरीचाही एक मुद्दा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या जिल्ह्यातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवली. २२ जुलै २०२१ रोजी महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. अशा वेळी गाडी चालू असणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. चार्जिंगची केंद्रे पूररेषेच्या वर, स्वतंत्र साठ्याच्या विजेसह असली पाहिजेत, आणि रुग्णवाहिका व मदतीची वाहने सर्वांत शेवटी विजेवर न्यावीत. मुंबईत बसून आखलेल्या नकाशात सावित्रीची पूररेषा दिसत नसेल, तर ती दाखविणे हे महाड नगरपरिषदेचे काम आहे.

महाडला कागदावरचा ठराव आणि प्रत्यक्ष हक्क यांतील अंतर कोणी शिकवावयास नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. आणि तरीही त्या पाण्याला हात लावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह तेथवर चालत जावे लागले, व न्यायालयाचा अंतिम निकाल यावयास १९३७ उजाडले. त्या लढ्याची तुलना कोणत्याही मोटारीच्या धोरणाशी करणे अनुचित ठरेल. पण जे सर्वांचे आहे ते सर्वांना मिळते की नाही, हा प्रश्न तळ्याप्रमाणे हवेलाही विचारता येतो, आणि येथे तो विचारण्याचा अधिकार अंमळ अधिक आहे.

मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि गाड्यांची गर्दी वाढली. याचा अर्थ लोकांना सार्वजनिक वाहन हवे आहे. तेव्हा समितीच्या अहवालांची आणि सवलतींच्या कोष्टकांची वाट न पाहता सरकारने तीन गोष्टींची उत्तरे द्यावीत. महाड आगारात विजेच्या किती बस येणार आणि त्यांसाठी पूररेषेच्या वर जागा कोणती, मिनिडोर चालकांना माथेरानच्या धर्तीवर वाहने कोणत्या वर्षापासून मिळणार, आणि मुंबईतून हटविलेली जुनी वाहने या जिल्ह्यात नोंदविण्यास मनाई करणारा आदेश कधी निघणार. पुढच्या चतुर्थीला चाकरमानी पुन्हा याच रस्त्याने येईल. त्याआधी निदान शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास पैसाही लागत नाही.